काचेंतले मासे आणि घरचें मत

छंदाचा इतिहास छंदी माणसें लिहितात. संसाराचा इतिहास, तो कोठें लिहिलेला असलाच तर, गृहिणीच्या हिशेबाच्या चोपडींत असतो. हीं दोन्ही बाडें शेजारीं ठेवून वाचण्याची चाल आपल्याकडे नाहीं. गाण्यापायीं, घोड्यांपायीं, पुस्तकांपायीं कोणीं काय काय केलें तें आपण कौतुकानें वाचतों. त्या महिन्यांत घरांत तूरडाळ किती आली हें विचारीत नाहीं. शोभेचे मासे पाळण्याच्या छंदाविषयीं लिहावयास बसतांना आमच्यापुढें मात्र दोन्ही बाडें उघडीं आहेत, आणि दुसरें ज्या हातानें लिहिलेलें आहे तो हात शेजारच्याच खोलींत आहे. तेव्हां आम्हांस जपून लिहिलें पाहिजे.

खाण्यासाठीं मासा धरणें निराळें आणि पाहण्यासाठीं बाळगणें निराळें. पहिल्याला भूक पुरते. दुसरें पोट भरल्यावर सुचतें. या दोहोंच्या मधोमध राजेलोकांचा विनोद बसतो, आणि त्याचा उत्तम पुरावा आपल्या दख्खनेंतच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा. राज्य कसें मिळवावें येथपासून जेवणांत काय असावें येथपर्यंत सर्व कांहीं त्यांत आहे. त्यांतील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणांत गळ, दोरी व काठी यांचें वर्णन आहे, मासे नदीचे कोणते व समुद्राचे कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते हें सांगितलें आहे, आणि कोणत्या माशाला कसलें आमिष आवडतें हेंही दिलें आहे. डॉ. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला व त्यांतील सुमारें पस्तीस जातींचा विचार केला. सुमारें नऊशें वर्षांपूर्वीच्या एका राजाला माशांच्या आवडीनिवडी इतक्या ठाऊक होत्या हें वाचून आम्हांस धन्य वाटलें. तें आम्हीं घरांत मोठ्यानें वाचून दाखविलें. त्यावर ‘त्याच्या राणीच्या आवडीनिवडी त्यांत आहेत का?’ असा प्रश्न आला. आम्ही निरुत्तर झालों. राजाच्या विनोदाचा खर्च रयतेकडून येतो, म्हणून राजवाड्यांत त्यावरून तंटा होत नाहीं. मध्यमवर्गाच्या विनोदाचा खर्च ज्या डब्यांतून येतो त्याच डब्यांत मुलांची फी असते.

सोनेरी मासा चीनचा. नदींतल्या करड्या माशाला क्वचित् तांबूस पिलूं होतें, तें निराळें ठेवून त्याची वीण वाढवावयाची, ही कल्पना सुंग राजवटींत रुजली. पदत्याग केल्यावर सम्राट् गावझुंगानें हांगचौ येथील आपल्या वाड्यांत असे मासे बाळगले होते. पुढें मिंग काळांत तलावांतला मासा मातीच्या कुंड्यांत, म्हणजे धनिकाच्या बागेंतून सामान्य माणसाच्या ओसरीवर आला, आणि १५९६ सालीं झांग च्येनदे यानें केवळ या माशांविषयीं एक पुस्तक लिहिलें. छंदाला ग्रंथ लाभला कीं त्याला सभ्यता येते; मग त्याला विरोध करणारा अरसिक ठरतो. घरच्या माणसांची पंचाईत तेथून सुरू झाली असावी.

जपानांत याच माशानें उलटा प्रकार केला. १७२४ सालीं यानागिसावा घराण्याची बदली कोरियामा येथें झाली व त्यांच्याबरोबर सोनेरी मासेही तेथें गेले. कालांतरानें तुटपुंज्या तनख्याच्या सामुराईंनीं हे मासे वाढवून विकण्याचा जोडधंदा धरला. तलवार भिंतीला आणि हात डबक्यांत! तेथें छंदानें संसार चालविला. त्याच देशांतील नीगाता प्रांताच्या डोंगरी खेड्यांत शेतकऱ्यांनीं हिवाळ्यांत खाण्यासाठीं ठेवलेल्या कार्प माशांतून रंगीत ‘कोई’ निपजली. १९१४ सालच्या तोक्यो येथील प्रदर्शनानें ती सर्वत्र गाजली, आणि २०१८ सालीं हिरोशिमा येथील लिलांवांत एका कोईला २० कोटी ३० लाख येन किंमत आली. हा आंकडा आम्हीं घरांत वाचून दाखविला नाहीं.

युरोपांत कांचेच्या भांड्यांतला मासा सतराव्या शतकांत पोंचला. लंडनच्या सॅम्युएल पीप्स यानें २८ मे १६६५ च्या रोजनिशींत कांचेच्या भांड्यांत ठेवलेले मासे पाहिल्याची नवलाई नोंदली आहे. परंतु भांड्यांत मासा ठेवणें आणि तो जगविणें यांत अंतर आहे. पाणी शिळें होतें, मासा वर येऊन तोंड उघडतो आणि चार दिवसांत मरतो. हें अंतर ज्यांनीं तोडलें त्यांत दोन नांवें स्त्रियांचीं आहेत. आणि या विषयावर पुरुषांनीं बढाई मारण्यापूर्वीं तीं ध्यानांत घ्यावींत.

पहिली जान व्हिलप्रो. ही फ्रान्समधील एका चांभाराची मुलगी. पॅरिसमध्यें कपडे शिवून व भरतकाम करून तिनें नांव मिळविलें. जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशीं लग्न होऊन १८१८ पासून ती सिसिलीच्या मेसिना शहरीं राहिली. आर्गोनॉट नांवाचा अष्टपाद प्राणी आपला शिंपला स्वतः घडवितो कीं दुसऱ्याचा पळवितो, असा विद्वानांत वाद होता. तो सोडविण्यासाठीं तिनें १८३२ सालीं कांचेच्या पेट्या करविल्या, त्यांत समुद्राचें पाणी भरलें, तो प्राणी जिवंत ठेवून पाहिला, आणि तो शिंपला स्वतःच घडवितो हें सिद्ध केलें. पुढें १८३८ सालीं तिच्या संग्रहाचा मोठा भाग घेऊन निघालेलें जहाज बुडालें. त्या दिवशीं जेम्स पॉवर यांच्या घरांत काय बोलणें झालें असेल याची कल्पना करतांना आमची सहानुभूति कधीं इकडे जाते, कधीं तिकडे.

दुसरी ॲना थिन. तिचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबे येथें मोठ्या हुद्द्यावरचे धर्माधिकारी. १८४६ सालीं टॉर्की येथील किनाऱ्यावर तिला जिवंत पोंवळें सांपडलें. बरणींत घालून तिनें तें लंडनला आणलें. समुद्र दूर, पाणी रोज बदलणें शक्य नाहीं. तेव्हां तिनें उघड्या खिडकीपाशीं उभें राहून तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतावयाची युक्ति काढली, म्हणजे पाण्यांत हवा मिसळते. हें काम रोज अर्धा-पाऊण तास चाले आणि तें घरची मोलकरीण करी. त्या खटाटोपानें पोंवळीं सुमारें तीन वर्षें जगलीं व वाढलीं, हें बाईंनीं नंतर लिहून प्रसिद्धही केलें. मोलकरणीचें नांव आम्हांस कोठें आढळलें नाहीं. शेकडों वेळां वर-खालीं गेलेल्या त्या मनगटावर आज घरोघरच्या फिशटँकमध्यें बुडबुडे सोडणारा पंप उभा आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ओतण्याचें काम वनस्पतीकडून करवून घेतां येतें हें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं मांडलें. पाण्यांत दोन सोनेरी मासे, एक पाणवनस्पति आणि कुजकें खाण्यासाठीं गोगलगायी, एवढ्यांवर भांडें आपलें आपण चालतें. मासा सोडतो तें झाड घेतें, झाड सोडतें तें मासा घेतो, आणि दोघांची घाण तिसरा उचलतो. या समतोलाचें वर्णन ऐकून ‘आमच्या घरांत तिसरें कोण?’ असें सौ.नें विचारलें होतें. असो. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत माशांचें घर उघडलें, पुढच्या वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांचें पुस्तक निघालें, आणि इंग्लंडांत घरोघर कांचेच्या पेट्यांची सांथ आली. दहा-पंधरा वर्षांत ती ओसरली.

आपल्याकडे मद्रासला १९०९ सालीं सार्वजनिक मत्स्यालय झालें. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. सुमारें आठ लक्ष रुपये खर्च झाला, त्यांतील दोन लक्ष तारापोरवाला घराण्याची देणगी. महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांनीं पहिला रंगीत मासा तेथें कांचेला नाक लावून पाहिला. आम्हीही पाहिला, वयाच्या सातव्या वर्षीं, आणि त्याचीं फळें सौ. भोगीत आहे.

आमचें बिऱ्हाड मुळशी तालुक्यांत. पेन्शन झाल्यावर पुण्यांतून येथें आलों, तेव्हां खोली मोठी मिळाली व खोलीबरोबर हौसही मोठी झाली. चार फूट लांबीची टाकी आणली. फिल्टर, हवेचा पंप, हीटर व दिवे आणले. आणि चार डिस्कस मासे आणले. हा मासा मूळचा ॲमेझॉन नदीचा, ताटलीसारखा गोल, अंगावर निळ्या-तांबड्या रेघा. त्याला पाणी मऊ लागतें व अठ्ठावीस-तीस अंशांपर्यंत ऊन लागतें. या माशाचीं पिलें आईबापांच्या अंगावरचा स्राव खाऊन वाढतात, आणि तें अंग देण्याचें काम नर-मादी आळीपाळीनें करतात. एवढा गृहस्थाश्रमी मासा घरांत असावा असें आम्हांस वाटलें. टाकी व मासे मिळून झालेला खर्च चोपडींत एका ओळींत लिहिलेला आहे. त्या ओळीखालीं दोन रेघा ओढलेल्या आहेत. सौ. त्या वेळीं कांहीं बोलली नाहीं. रेघा बोलतात.

सौ.चें माहेर मुळशीचें. असें म्हणण्यांत थोडी फसवणूक आहे, कारण तिच्या पणजोबांचें गांव आतां धरणाच्या पाण्याखालीं आहे. वीज उत्पन्न करण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळा-निळांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतलें, तेव्हां खोऱ्यांतल्या मावळ्यांनीं १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यांत ‘सेनापति’ झाले. तीन वर्षें तो लढा चालला आणि १९२४ सालीं मावळला. पूर्वेस पुण्याकडे वाहणारें मुळेचें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस वळलें, घाटाखालीं भिरा येथें कोसळलें, आणि १९२७ पासून त्याची वीज मुंबईस जाऊं लागली. लढा फसण्याचीं कारणें अनेक. त्यांतलें एक आम्हां पुणेकरांस बोचणारें आहे. खोऱ्यांतल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या, व सावकाराला भात नको होता, मोबदला हवा होता.

सौ.च्या पणजोबांचा मोबदलाही असाच बहुतेक कर्जांत वळता झाला. जें थोडें हातीं उरलें त्यांतून त्यांनीं पुण्यास जाऊन भिंतीवरचें एक लंबकाचें घड्याळ आणलें. तें टांगावयास भिंत नव्हती. नव्या जागीं खोपट उभें राहीपर्यंत तें घोंगडींत गुंडाळून ठेविलेलें होतें, आणि पणजीनें त्या घोंगडीकडे पाहून जें म्हटलें तें त्यांच्या घरांत तीन पिढ्या सांगितलें जातें. येथें छापण्यासारखें तें नाहीं. तेव्हां महागड्या व देखण्या वस्तूंविषयीं आमच्या गृहिणीचें जें मत आहे तें केवळ काटकसरीचें नाहीं. हें आम्हांस लग्नानंतर फार वर्षांनीं कळलें. ‘हौस असूं द्या,’ ती म्हणे, ‘पण आधीं भिंत आहे का तें पहा.’

एके दिवशीं आम्हीं तिच्यापुढें कर्नल सायक्स यांची यादी ठेविली. विल्यम हेन्री सायक्स हे मुंबई सरकारचे आंकडेमोड अधिकारी. १८२४ पासून दख्खनेंत हिंडतांना त्यांनीं येथील मासे गोळा केले व ‘दख्खनेंतील मासे’ हा निबंध १८३९-४१ च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेमार्फत प्रसिद्ध झाला. त्यांची खुबी अशी कीं, शास्त्रीय नांवांत त्यांनीं येथलींच बोलीभाषेंतलीं नांवें घातलीं. खुद्री, कोळुस, मुल्या, बोगट, मुरे, शिंघाळा, अळकुटी. भोई-कोळ्यांचे उच्चार लॅटिनच्या पंक्तीस जाऊन बसले, आणि आजही जगांतले शास्त्रज्ञ तेच उच्चारतात. खुद्री म्हणजे आपला म्हसीर. तो सायक्स यांना पुण्याच्या पूर्वेस सुमारें आठ मैलांवर मुळामुठेंत सांपडला, म्हणजे मुळशीच्या डोंगरांतून उतरलेल्या पाण्यांत. सौ.नें यादी सावकाश वाचली. शिंगाळा, अळकुट, मुरे हे शब्द तिनें आजीच्या तोंडून ऐकले होते. ‘हे मासे कितीला पडतात?’ तिनें विचारलें. आम्हीं सांगितलें कीं हे कोणी विकत नाहीं. ‘म्हणून कोणी पाळत नाहीं,’ ती म्हणाली.

याच खुद्रीची एक गोष्ट येथें सांगावीशी वाटते. धरणें, मलिनता व सुरुंग यांनीं तो नाहींसा होत चालला, तेव्हां १९७० च्या सुमारास डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनीं लोणावळ्याजवळच्या टाटांच्या तळ्यांवर त्याची कृत्रिम वीण साधली. (याच कुलकर्णींनीं १९४० सालीं मुंबईच्या मचूळ पाण्यांतला जेमतेम इंचभर पारदर्शक मासा शास्त्राला नवा म्हणून दाखविला व होरा आणि सेटना या दोघांचीं नांवें त्याला दिलीं, ते होरा म्हणजे वर आलेले ‘मत्स्यविनोदा’चेच.) वळवणच्या केंद्रांतून लक्षावधि पिलें देशभर गेलीं, आणि खुद्री सावरला. मात्र कावेरींत सोडलेल्या पिलांनीं तेथला घरचा कुबडा म्हसीर मागें रेटला. आज तो नष्ट होण्याच्या काठावर आहे. पाहुणा कितीही गुणी असला तरी त्याला कोणाच्या घरांत उतरवितों हें पाहिलें पाहिजे.

गेल्या आषाढांत घाटावर जो पाऊस झाला त्यांत झाडें पडलीं, तारा तुटल्या आणि दोन रात्री वीज नव्हती. पहिल्या रात्रीं दहाच्या सुमारास पंप थांबला, हीटर विझला. पाणी गार होऊं लागलें, मासे कोपऱ्यांत जाऊन वर तोंड काढूं लागले. आम्हीं बॅटरीच्या उजेडांत तपेलें घेतलें आणि टाकींतलें पाणी उंच धरून परत टाकींत ओतावयास आरंभ केला. ॲना थिन आम्हांस आठवली; तिची मोलकरीण अधिक आठवली. अर्ध्या तासांत खांदा भरून आला. सौ. उठली, गॅसवर पाणी तापवून तें बाटल्यांत भरून बाटल्या टाकींत सोडल्या, आणि म्हणाली, ‘सरा, आतां मी ओततें.’ आम्ही म्हणालों, ‘तुझा तर या माशांना विरोध आहे.’ ‘विरोध टाकीला आहे,’ ती म्हणाली, ‘ते आपल्या पायांनीं आले नाहींत.’

पहाटेपर्यंत आम्ही आळीपाळीनें ओतीत होतों. त्या रात्रीं तिनें धरणाविषयीं एकच वाक्य उच्चारलें: हें तळें भरलें म्हणून मुंबईला दिवे लागले, आणि तळ्याकांठीं आपण तपेल्यानें हवा घालतों आहों. रागानें नव्हे, हंसूनच. दुसऱ्या रात्रीं दोन मासे गेले. चोपडींत त्या तारखेला तिनें ‘मासे २ गेले’ असें लिहिलें आहे. पुढें रकमेचें सदर कोरें आहे. दोघांची किंमत तिला तोंडपाठ होती.

त्यानंतर आमचें मन उडालें. उरलेले दोन डिस्कस एका परिचितास दिले. टाकींत राहिला तो कांच चाटणारा काळा मासा, ज्याला दुकानदार ‘सकर’ म्हणतात. आणला तेव्हां बोटाएवढा होता, आतां फूटभर झाला होता, आणि तो कोणी फुकटही घेईना. एका सायंकाळीं आम्हीं बादली काढली व सांगितलें कीं ह्याला तळ्यांत सोडून येतों. धर्मही होईल आणि जागाही. जिनें आमच्या छंदावर वर्षभर टीका केली ती आतां सुटकेचा निःश्वास टाकील असा आमचा अंदाज होता. ती दारांत उभी राहिली.

‘तें पाणी आधींच परक्यांचें झालेलें आहे. त्यांत आणखी परका कशाला?’

आम्हीं नंतर वाचलें तें तिच्याच बाजूचें निघालें. दक्षिण अमेरिकेंतला हा मासा अशाच दयाळू किंवा कंटाळलेल्या गृहस्थांनीं सोडून दिल्यामुळें भारतांतील अनेक नद्यांत व तळ्यांत पसरला आहे. त्याच्या अंगावर कठीण कवच, त्यामुळें त्याला खाणारा कमी. तो जाळीं फाडतो, आणि कोळ्याच्या हातीं लागला तर त्याला बाजार नाहीं. देहूच्या घाटावर इंद्रायणींतले मासे लोक श्रद्धेनें राखतात. पाण्यांत मासा सोडणें आणि पाण्यांतला मासा राखणें यांतला फरक त्या घाटावर कोणासही कळेल. देहूचें नांव निघालेंच आहे तर आवलीचीही आठवण होते. तुकोबांची पत्नी म्हणून तिला तीनशें वर्षें भांडखोर ठरवितांना आपण सर्व चोपडीची एकच बाजू वाचीत आलों. आमची तुलना तुकोबांशीं नाहीं, हें सांगावयास नकोच. ती आवलीची आवलीशीं आहे.

बादली जागेवर गेली. मागच्या अंगणांत विटा-सिमेंटचा हौद होता, त्यांत सकर राहतो. त्याला हीटर लागत नाहीं आणि वीज गेली तरी तो बेफिकीर असतो. मोठी टाकी विकली नाहीं. तींत आतां पाणवनस्पति आहेत आणि पाळीव सोनेरी माशांची एक जोडी, वॉरिंग्टन यांच्या हिशेबानें. नवी वस्तु आणावयाची तर आधीं चोपडींत लिहावयाची, मग दुकानांत जावयाचें, असा करार झाला आहे; त्यामुळें पुष्कळ वस्तु लिहूनच राहतात. गेल्या महिन्यांत पान उलटतांना आम्हांस दिसलें कीं सकरचा खर्च तिनें ‘मासे’ या सदरांत धरलेलाच नाहीं. रोज सकाळीं हौदांत पडणारी चकती ‘भाजी : काकडी’ यांत जमा आहे, आणि काकडी आमच्या घरांत आम्हां दोघांपैकीं कोणी खात नाहीं.